डोंगरी कापडाची कुळकथा

बोईसर किंवा पालघर स्टेशनावर सकाळची गाडी येऊन थांबली म्हणजे फलाटावर उतरणारी माणसें अनेक प्रकारचीं असतात. तारापूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेला कामगार, कॉलेजांतील विद्यार्थी, कचेरींतील कारकून आणि शिकवणीला जाणारी मुलगी ह्यांचीं घरें निराळीं, मिळकती निराळ्या व बोलीहि निराळ्या. पण एका बाबतींत त्यांच्यांत भेद उरलेला नाहीं. ह्यांपैकीं बहुतेकांच्या अंगावर एकाच जातीची, निळ्या रंगाची, जाड पोताची, पिंवळसर दोऱ्यानें दुहेरी शिवलेली पाटलोण असते. रविवारीं पहांटे मुंबईहून मोटारसायकलींवर निघून मनोरच्या फाट्यानें केळवें-माहीमच्या किनाऱ्याकडे वळणारे हौशी तरुणहि हाच वेष करून येतात. ह्या कापडाला जग ‘डेनिम’ म्हणतें आणि त्या पाटलोणीला ‘जीन्स’ म्हणतें. दोन्ही नांवें परकीं. म्हणून वस्तूहि परकी, ती अमेरिकेंतून आली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती समजूत अर्धीच खरी आहे. ह्या कापडाच्या घराण्यांतील तिसरें एक नांव इंग्रजी भाषेंत रूढ आहे, तें ‘डंगरी’. आणि त्याचें मूळ मुंबईच्या डोंगरी ह्या वस्तीच्या नांवांत शोधावें लागतें.

उत्तर कोंकणच्या किनाऱ्याला कापडाचा व्यापार नवा नव्हता. आज पालघर जिल्ह्यांत मोडणारें सोपारें हें प्राचीन शूर्पारक बंदर होय. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं तेथील स्तूपाचें उत्खनन केलें, आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाहि तेथें सांपडलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत इजिप्तमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या दर्यावर्दी ग्रंथांत सोपारें व कल्याण ह्या दोन्ही बंदरांचीं नांवें आहेत. त्याच ग्रंथांत तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर, ह्या नगराहून गाड्यांत घालून भडोचला येणाऱ्या मालाची नोंद आहे. आणि त्या मालांत तलम मलमलीबरोबर साधें, जाडेंभरडें कापडहि पुष्कळ होतें. पुढें राष्ट्रकूटांच्या काळीं, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ मधील चिंचणीच्या ताम्रपटांत, तिसऱ्या इंद्राच्या वतीनें संजाणच्या प्रांताचा कारभार पाहणाऱ्या एका ताजिक म्हणजे अरब अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. चिंचणी व तारापूर हीं गांवें एकमेकांस लागून आहेत. परदेशच्या व्यापाऱ्याला येथें घर होतें व अधिकारहि होता, एवढें त्यावरून स्पष्ट दिसतें.

इतिहासकारांचें लक्ष साहजिकच मलमलीकडे गेलें. मलमल राजांच्या अंगावर शोभे, कवींना उपमा पुरवी आणि भारी किमतीस विके. जाड्या कापडाला असा कोणी भाट मिळाला नाहीं. तरीसुद्धां जगाच्या बाजारांत हमालाचें, खलाशाचें व शेतकऱ्याचें अंग झांकणारें कापड तेंच होतें. जॉन सारिस हा इंग्रज कप्तान १६१३ च्या सुमारास मोलुक्का बेटांत लवंगा खरेदी करीत होता. पैशांऐवजीं तो हिंदुस्थानचें सुती कापड देई. आणि कोणत्या कापडास किती लवंगा मिळतात ह्याची जी यादी त्यानें ठेवली, तींत ‘डोंगेरीन’ अशा रूपानें हें नांव येतें. त्यानंतर साठ वर्षांनीं हिंदुस्थानांत आलेल्या फ्रायर नांवाच्या इंग्रज वैद्याच्या प्रवासवर्णनांत कारवारच्या संदर्भानें ‘डंगरी’ पुन्हां भेटते. इंग्रजी कोशकारांनीं पुढें ह्या शब्दाचा संबंध मराठींतील ‘डोंगरी कापड’ ह्या शब्दाशीं जोडला. मुंबईच्या डोंगरी किल्ल्याजवळच्या वस्तींत विकलें जाणारें तें डोंगरी, असा त्याचा अर्थ.

ह्या व्युत्पत्तींत एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्रजांच्या राजास लग्नाच्या करारानें १६६१ सालीं मिळालें व कंपनीच्या ताब्यांत १६६८ सालीं आलें. सारिसची यादी त्याच्या अर्धशतकापूर्वींची आहे. तेव्हां ह्या कापडाचें नांव इंग्रजांनीं पाडलें नाहीं, किंवा त्यांनीं मुंबई वसविल्यावर तें कापड जन्मास आलें असेंहि नाहीं. कोणी तरी देशी व्यापारी देशी नांवानें तें आधींच विकत होता. इंग्रजांनीं तो शब्द उचलला, त्याचा उच्चार आपल्या जिभेला सोयीचा करून घेतला आणि गलबतावर चढविला. डोंगरीचा किल्ला पुढें नाहींसा झाला. १६८९ मध्यें जंजिऱ्याच्या सिद्दी याकुतखानानें मुंबईवर स्वारी करून ती टेकडी काबीज केली होती. १७६९ मध्यें त्याच ठिकाणीं इंग्रजांनीं फोर्ट जॉर्ज बांधला. टेकडीचा आकारहि बदलला. नांव मात्र वस्तीला राहिलें, आणि दुसरें खलाशांच्या पाटलोणीला चिकटलें.

येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. डोंगरी व डेनिम हीं एकच कापडें नव्हेत. तीं एका कुळांतलीं भावंडें म्हणावीं. जुनें डोंगरी कापड म्हणजे स्वस्त, जाड, सुती कापड. त्याचे तंबू होत, शिडें होत आणि खलाशांचे व मजुरांचे कपडे होत. डेनिम हें नांव फ्रान्समधील नीम ह्या गांवावरून आलें असें मानतात. ‘सर्ज द नीम’ म्हणजे नीमचें सर्ज. जीन हें नांव जिनोआ ह्या इटालियन बंदराचें. डेनिमची वीण तिरकस असते. आडवा धागा उभ्या तीन धाग्यांखालून जाऊन एका धाग्यावर येतो, आणि ही पायरी प्रत्येक ओळींत एकेक घर सरकत गेल्यामुळें कापडावर तिरप्या रेघा उमटतात. उभा धागा निळींत रंगविलेला असतो व आडवा धागा पांढरा राहतो. म्हणूनच ह्या कापडाची दर्शनी बाजू निळी व आंतली बाजू फिकी दिसते. डोंगरी, नीम व जिनोआ हीं तिन्ही गांवांचीं नांवें आहेत, आणि तिन्ही ठिकाणचें कापड कष्टकऱ्यांचें होतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

ह्या कापडाच्या पाटलोणीस आजचें रूप अमेरिकेंत आलें. नेव्हाडा संस्थानांतील रीनो गांवीं जेकब डेव्हिस नांवाचा शिंपी होता. मजुरांच्या पाटलोणींचे खिसे भाराने उसवतात, ही गिऱ्हाइकांची नेहमींची तक्रार. त्यानें खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचीं रिव्हेटें ठोकलीं. ही युक्ति चालली. पण पेटंट घेण्यास लागणारा पैसा त्याच्याजवळ नव्हता. ज्या व्यापाऱ्याकडून तो कापड घेई त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉसला त्यानें भागीदार केलें, आणि २० मे १८७३ रोजीं दोघांना पेटंट मिळालें. खाणकामगार, गुराखी व रेल्वेमजूर ह्यांनीं ती पाटलोण उचलून धरली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकन नौदलाचे खलाशीहि कामाच्या वेळीं असाच निळा वेष करूं लागले, आणि त्या वेषाचें त्यांच्या बोलींतील नांव होतें ‘डंगरीज्’. डोंगरीच्या टेकडीचा शब्द अशा रीतीनें अमेरिकन आरमारांत दाखल झाला.

कापडाइतकाच त्याच्या रंगाचा इतिहासहि हिंदुस्थानशीं बांधलेला आहे. अहमदाबादजवळील सरखेजची नीळ सतराव्या शतकांत इंग्रज व डच व्यापारी सुरतेहून युरोपला नेत. पुढें बंगालच्या रयतेवर निळीची सक्ति झाली, आणि १८५९-६० मध्यें तेथील शेतकऱ्यांनीं तिच्याविरुद्ध उठावणी केली. जर्मनींत आडोल्फ फॉन बायर ह्यानें निळीची रासायनिक घडण शोधून काढली. १८९७ सालीं बी. ए. एस. एफ. ह्या कंपनीनें कृत्रिम नीळ बाजारांत आणली आणि शेतांतल्या निळीचा व्यापार ढासळूं लागला. त्या ढासळत्या धंद्याचा भार रयतेवर टाकण्याच्या खटपटींतून चंपारणचा प्रश्न चिघळला, व १९१७ सालीं गांधीजी तेथें गेले. आज डेनिमला लागणारी नीळ जवळ जवळ सर्व कृत्रिमच असते. तिचा स्वभाव मात्र जुनाच आहे.

तो स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं. रसायनांच्या योगानें तिच्यांतील प्राणवायूचा अंश काढून घेतला म्हणजे ती पिंवळसर हिरवी होऊन पाण्यांत उतरते. त्या हौदांत सूत बुडवून बाहेर हवेंत धरलें कीं तें पाहतां पाहतां निळें होतें. गडद रंगासाठीं बुडविणें व वाळविणें पुन्हां पुन्हां करावें लागतें. इतकें करूनहि नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोंचत नाहीं. बाहेरच्या थरावरच बसते. म्हणून कापड जेथें घासतें तेथें निळा थर झिजून आंतला पांढरा धागा डोकावतो. गुडघा, मांडी, खिशाची कड, पैशाचें पाकीट ठेवण्याची जागा येथें फिकट खुणा पडतात. इतर कोणत्याहि कापडाचा रंग गेला तर रंगाऱ्यास दोष लागतो. ह्या एका कापडाचा रंग जाणें हा त्याचा गुण मानला जातो.

दुसरा स्वभाव आटण्याचा. कोरें कापड शिंप्याकडे देण्यापूर्वीं रात्रभर पाण्यांत भिजवून वाळविण्याची चाल महाराष्ट्रांत घरोघरीं होती. तिच्यामागें अनुभवाचें शहाणपण होतें. मागावर उभे धागे ताणून बसविलेले असतात, आणि त्यांवर खळ चढविलेली असल्यामुळें तो ताण कापडांत गोठून राहतो. कापड पाण्यांत पडलें म्हणजे खळ सुटते, कापसाचे तंतू पाणी पिऊन फुगतात आणि फुगलेल्या आडव्या धाग्याभोंवतीं वळसा घेण्यास उभ्या धाग्याला अधिक लांबी लागते. ती लांबी तो कापडाच्याच लांबींतून घेतो. परिणामीं कापड आटतें, आणि रुंदीपेक्षां लांबींत अधिक आटतें. कोरी, न आटविलेली डेनिम पहिल्या धुण्यांत सातपासून दहा टक्क्यांपर्यंत आटते. टांगेची आंतील लांबी ३४ इंच असली व आठ टक्के गेले, तर पावणेतीन इंच नाहींसे झाले असें समजावें. म्हणून जुने गिऱ्हाईक मुद्दाम मोठ्या मापाची पाटलोण घेई, ती पाण्यांत भिजवी आणि अंगावर वाळूं देई. कापड त्याच्या देहाच्या मापानें बसे.

हा व्याप सर्वांनाच परवडणारा नव्हता. सॅनफर्ड क्लूएट ह्या अमेरिकन गृहस्थानें १९३० सालीं एका यंत्रयुक्तीचें पेटंट घेतलें. ओलसर कापड रबराच्या जाड पट्ट्याबरोबर दाबून तें आधींच सक्तीनें आंखडून घ्यावयाचें, म्हणजे पुढें घरीं आटावयास फारसें कांहीं उरत नाहीं. त्याच्या नांवावरून ह्या क्रियेस सॅनफरायझेशन म्हणतात. अशा कापडांत आटण्याचें प्रमाण एक ते तीन टक्क्यांवर येतें. दुकानांत जें माप अंगास बसलें तेंच घरींहि बसेल, अशी खात्री गिऱ्हाइकाला मिळाली. तयार कपड्यांचा आजचा अवाढव्य व्यापार ज्या लहानमोठ्या युक्तींवर उभा आहे, त्यांतील ही एक महत्त्वाची युक्ति होय.

आतां पुन्हां आपल्या किनाऱ्याकडे वळणें प्राप्त आहे. कावसजी नानाभाई दावर ह्यांनीं १८५४ सालीं मुंबईंत सुताच्या गिरणीची कंपनी काढली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीमुळें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ सालीं बी. बी. अँड सी. आय. रेल्वे गुजराथेंतून मुंबईपर्यंत आली, आणि पालघर-बोईसरचा भाग त्या मार्गावर पडला. कोंकणांतून व घांटावरून आलेल्या माणसांनीं गिरणगांव भरून गेलें. ह्या गिरण्यांवर परक्या सरकारनें १८९६ मध्यें साडेतीन टक्क्यांचा जाचक कर बसविला, तरी त्या तगल्या. अखेर १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगारांनीं संप पुकारला. तो संप रीतसर कधीं संपलाच नाहीं. एकामागून एक गिरण्या थंड पडल्या, आणि त्यांच्या जमिनींवर पुढें बाजारपेठा व मनोरे उभे राहिले. कापड मात्र कोणाच्या अंगावरून उतरलें नाहीं. तें विणण्याचें काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलें, आणि रंगविण्याच्या व धुण्याच्या कामाचा मोठा वांटा मुंबईबाहेरच्या औद्योगिक वसाहतींकडे गेला.

त्या वसाहतींपैकीं तारापूरची वसाहत महत्त्वाची होय. ज्या तारापूरच्या कोटावर १७३९ च्या जानेवारींत पोर्तुगीजांशीं झुंजतां झुंजतां बाजी भिवराव पडले, त्या तारापूरचें नांव १९६९ सालीं अणुवीज केंद्रामुळें पुन्हां देशभर झालें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालीं झाली होती. त्या महामंडळानें बोईसरजवळ, सालवड, कुंभवली, कोलवडे ह्या गांवांच्या परिसरांत तारापूर औद्योगिक वसाहत वसविली. तेथें रसायनें, औषधें, रंगद्रव्यें, पोलाद आणि कापडप्रक्रिया ह्यांचे कारखाने उभे राहिले. बोईसर हें एके काळचें लहान स्टेशन. आज देशाच्या सर्व प्रांतांतील कामगार तेथें वस्ती करून आहेत. २०१३ सालीं मुंबईची लोकलगाडी डहाणूपर्यंत धांवूं लागली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला.

डेनिमचें विणकाम हिंदुस्थानांत मोठ्या प्रमाणावर सुरू झालें तें मात्र मुंबईच्या पडत्या काळांतच. अहमदाबादच्या अरविंद गिरणीनें १९८० नंतरच्या दशकांत त्यांत उडी घेतली, आणि विदर्भांत यवतमाळलाहि पुढें रेमंडचा डेनिमचा कारखाना निघाला. १९९५ मध्यें अरविंदनें ‘रफ अँड टफ’ ह्या नांवानें एक नामी योजना काढली. बेतलेलें कापड, सांखळी, रिव्हेटें, बटण व कंबरेवरची चिठ्ठी अशी पुडी विकत घ्यावयाची आणि गांवच्या शिंप्याकडून पाटलोण शिवून घ्यावयाची. जेकब डेव्हिसची विद्या त्या पुडींतून हिंदुस्थानच्या खेड्यांतील शिंप्यापर्यंत पोंचली. इकडे ठाणें जिल्ह्यांत उल्हासनगरच्या सिंधी निर्वासितांनीं छावणींतून उद्योगनगरी उभारली होती. तेथें जीन्स शिवण्याचा व धुण्याचा धंदा असा भरभराटला कीं, ‘मेड इन यू. एस. ए.’ ह्यांतील अक्षरें ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चीं आहेत, हा विनोद सर्वतोमुखीं झाला.

ह्याच काळांत मोटारसायकल व जीन्स ह्यांची जोडी जमली. त्या जोडीचें मूळ चित्रपटांत आहे. १९५३ सालच्या ‘द वाइल्ड वन’ ह्या अमेरिकन चित्रपटांत मार्लन ब्रँडो निळी जीन्स व कातडी जाकीट घालून मोटारसायकलवर बसला. तरुणांना तो नको तें शिकवील ह्या भयानें ब्रिटनमध्यें त्या चित्रपटाला १९६७ पर्यंत परवानगी नव्हती. इकडे १९५५ सालीं मद्रासला एन्फील्डच्या बुलेट गाड्या बांधण्यास आरंभ झाला. १९८५ मध्यें आलेल्या हिरो होंडाच्या गाडीनें थोड्या पेट्रोलवर पुष्कळ पल्ला दिला. आणि २००१ सालीं पुण्याच्या बजाज कारखान्यानें पल्सर काढून मोटारसायकल ही नुसती सोय नसून हौस आहे, हें तरुणांना पटवून दिलें. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि तेथून चिल्हार फाट्यानें बोईसरला येणारा रस्ता ह्यांवर हौसेची गाडी व पोटासाठींची गाडी शेजारीं शेजारीं धांवतात. एकाची पाटलोण नामांकित छापाची, दुसऱ्याची आठवडेबाजारांतली. कापडाचें कूळ एकच.

मात्र एका गैरसमजाबद्दल स्वारानें सावध असलें पाहिजे. जाड डेनिम काट्याकुट्यांपासून व गाडीच्या उष्णतेपासून थोडेंबहुत रक्षण करते; परंतु डांबरी रस्त्यावर घसरून पडल्यास साधी सुती डेनिम क्षणार्धांत फाटते. म्हणूनच खऱ्या स्वारीच्या पाटलोणींना गुडघ्यांवर गाद्या लावतात व आंतून अरामिड जातीच्या बळकट धाग्याचें अस्तर देतात. १९६५ मध्यें स्टेफनी क्वोलेक ह्या महिला रसायनतज्ज्ञेनें शोधलेलें केव्हलार हें त्याच जातीचें. ब्रँडोची पाटलोण पडद्यावर शोभली. रस्त्याला पडदा नाहीं.

गेल्या कांहीं दशकांत ह्या कथेनें आणखी एक वळण घेतलें. जें कोरें, आटणारें कापड गैरसोयीचें म्हणून मागें पडलें होतें, त्याचीच हौस निर्माण झाली. जपानांतील कोजिमा ह्या गांवच्या कारखानदारांनीं जुने धोट्याचे माग पुन्हां चालविले. अशा मागावर धोटा उलटसुलट फिरतो, आणि कापडाच्या दोन्ही कडांना पक्का कांठ येतो. धोतर-लुगड्यांच्या महाराष्ट्राला कांठाची महती सांगावयास नको. पण पाटलोणीचा पायघोळ दुमडून तो कांठ मिरविणें ही नवी गोष्ट झाली. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्यें १९९४ सालीं ‘सुप्रीम’ व टोकियोमध्यें १९९३ सालीं ‘अ बेदिंग एप’ अशीं रस्त्यावरच्या पोरांच्या वेषाचीं दुकानें निघालीं आणि पाहतां पाहतां धनिकांचीं झालीं. मुंबईंतहि २०१२ मध्यें ‘बेवकूफ’ आणि २०१३ मध्यें ‘द सोल्ड स्टोअर’ हे छाप त्याच वाटेनें निघाले. खलाशाचें कापड असें उलट्या दिशेनें प्रतिष्ठेला चढलें. पूर्वीं तें अंगावर असणें म्हणजे गरीबी कबूल करणें. आतां त्याचा जुनाटपणा मोल देऊन विकत घेतला जातो.

आणि ह्या विकतच्या जुनाटपणांतच खरी मेख आहे. कोरी पाटलोण अंगावर झिजण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात. तेवढा धीर थोड्यांना असतो. म्हणून कारखान्यांतच ती झिजवून देतात. प्युमिस जातीच्या दगडांबरोबर यंत्रांत घुसळतात, रसायनांनीं रंग उतरवितात. आणि एके काळीं वाळूचा जोरदार फवारा मारून पांढरे ठिपके पाडीत. त्या वाळूच्या धुळीनें तुर्कस्तानांतील कामगारांना फुप्फुसाचा असाध्य रोग जडला, म्हणून त्या देशानें २००९ मध्यें ती पद्धत बंद केली. पाण्याचा हिशेबहि असाच थक्क करणारा आहे. लेव्ही स्ट्रॉस कंपनीनें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें एका पाटलोणीच्या सबंध आयुष्यांत ३,७८१ लिटर पाणी लागतें. त्यांतील ६८ टक्के कापूस पिकविण्यास व २३ टक्के घरच्या धुण्यास जातें. कारखान्याचा वांटा टक्केवारींत लहान दिसतो. पण शेतांतलें पाणी आणि रंगाच्या हौदांतून निघालेलें पाणी ह्यांत फरक आहे. रंगाचें पाणी जेथें सोडावें तेथें तें आपली खूण ठेवतें.

ही खूण उल्हासनगरला दिसली. वालधुनी व उल्हास ह्या नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न हरित न्यायाधिकरणापुढें गेला, आणि २०१८ सालीं तेथील जीन्स धुण्याचे शेंकडों लहान कारखाने बंद करावे लागले. नद्यांना थोडा श्वास मिळाला, पण हजारों हातांचें काम गेलें. तारापुरास प्रश्न ह्याहून मोठा आहे, कारण तेथें कापडाच्या रंगाबरोबर रसायनें व औषधें ह्यांचेंहि सांडपाणी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ च्या पाहणींत देशांतील औद्योगिक क्षेत्रांना जे गुण दिले, त्यांत तारापूरचा अंक ९३.६९, म्हणजे सर्वांत वाईट ठरला. त्यापूर्वींच, २०१६ मध्यें, अखिल भारतीय मांगेला समाज परिषद ही मच्छीमारांची संस्था हरित न्यायाधिकरणाकडे गेली होती. नवापूर, आलेवाडी, मुरबें येथील कोळ्यांचें म्हणणें साधें होतें : खाडींत मासा राहिला नाहीं तर जाळें कशांत टाकावयाचें? न्यायाधिकरणानें कारखान्यांवर भरपाईचा बोजा टाकला. गुन्हा कोणा एकाचा नव्हता, पण झळ एका समाजाला लागत होती, हें त्या प्रकरणानें नोंदवून ठेवलें.

ह्यावर उपाय कारखाने उठविणें हा नव्हे. बोईसरच्या चाळींत राहणारा कामगार त्याच कारखान्यावर पोट भरतो. गिरण्या बंद पडल्यावर काय होतें, तें गिरणगांवानें पाहिलें आहे. खाडींत सोडण्यापूर्वीं पाणी पुरतें शुद्ध करणें, तेंच पाणी फिरवून पुन्हां वापरणें, निळीच्या हौदांतील रसायनें सौम्य करणें, वाळू व दगडांऐवजीं प्रकाशकिरणांच्या यंत्रानें रंग उतरविणें, हे मार्ग आज ठाऊक आहेत. ते महाग पडतात, एवढीच त्यांची अडचण. ही किंमत पाटलोणीच्या किमतींत धरावयाची कीं नवापूरच्या कोळ्यानें भरावयाची, ह्याचा निकाल गिऱ्हाईक, कारखानदार व सरकार ह्या तिघांना मिळून करावा लागेल. गिऱ्हाइकाच्या हातीं एक सोपा उपायहि आहे : पाटलोण कोरी घ्यावी, आटेल तें माप धरून घ्यावी, क्वचित् धुवावी आणि तिला आपल्याच अंगावर जुनी होऊं द्यावी. ह्यांत नवें कांहीं नाहीं. जाडेंभरडें कापड वापरणाऱ्या प्रत्येक पिढीनें हेंच केलें.

डोंगरीच्या त्या जुन्या बाजारांत कापड विणून आणणाऱ्याचें नांव कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं. त्याच्या मालाच्या मोबदल्यांत मिळालेल्या लवंगा इंग्रजांच्या गलबतांत चढल्या, हें मात्र यादींत आहे. चारशें वर्षांनंतर त्याच किनाऱ्यावर तारापूरचा रंगारी हौदाशीं उभा आहे आणि नवापूरचा कोळी खाडीच्या तोंडाशीं. जगाच्या यादींत ह्या खेपेस केवळ मालाची नोंद राहून माणसें गळूं नयेत, एवढी दक्षता डोंगरी कापडाची कुळकथा वाचणाऱ्यानें घेतली तर ती वाचल्याचें सार्थक होईल.